हाडांची सुई, दातांचा दवाखाना आणि मधला निरोप



आज आम्ही दोघं एकत्र बोलायला उभे आहोत. आमच्यातला एक हाडांचा डॉक्टर, दुसरी दातांची. दोघांचेही दवाखाने यवतमाळातच, एकाच रस्त्यावर. तरी गेल्या कित्येक वर्षांत आमची भेट झाली ती लग्नात, नाहीतर बँकेच्या रांगेत. एखाद्या पेशंटसाठी आम्ही एकमेकांना फोन केल्याचे प्रसंग बोटांवर मोजावेत इतके थोडे. आजचं व्याख्यान खरं तर त्या न केलेल्या फोनबद्दल आहे.

विषय असा. हाडं मजबूत करण्यासाठी ज्या गोळ्या आणि सुया दिल्या जातात, त्यांचा एक दुर्मीळ दुष्परिणाम जबड्यावर होतो. जबड्याच्या हाडाचा एखादा भाग मरतो, हिरडीतून उघडा पडतो आणि जखम काही केल्या भरत नाही. हे पेशंटला सांगायचं का? कोणी सांगायचं, कधी सांगायचं, आणि कोणत्या शब्दांत? आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या दुष्परिणामाच्या बाबतीत सांगणं हाच उपचाराचा एक भाग आहे. नीट सांगितलं तर त्रास बऱ्याच अंशी टळतो. सांगितलं नाही, किंवा भलत्या पद्धतीने सांगितलं, तर दोन्हीकडून नुकसान होतं. ते कसं, ते दोन गोष्टींमधून बघू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दोन बाया

पहिल्या बाई घाटंजीकडच्या, वय साठीच्या थोडं पुढे. स्तनाचा कॅन्सर झालेला, तो पुढे हाडांत उतरला. उपचार नागपूरला. दर महिन्याला नागपूरला जायचं, सलाईनमधून एक औषध घ्यायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. एक दिवस खालची दाढ ठणकायला लागली. आता दाढेसाठी कोणी नागपूरला जातं का? त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, "बीपी, शुगर आहे का? काही औषध चालू आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही जी. कॅन्सरचं झालं ते मागंच. आता फक्त महिन्याले ताकदीची सुई घेतो." दाढ काढली. तीन महिने झाले तरी खळगा भरला नाही. आत पांढरट हाड दिसायला लागलं, पू यायला लागला, वास यायला लागला. पंगतीत बसणं त्यांनी सोडून दिलं. शेवटी मेलेलं हाड काढायला ऑपरेशन करावं लागलं.

यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. दातांच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारला होता. बाईंनी जे त्यांना सांगितलं गेलं होतं तेच सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेलं औषधही बरोबरच होतं. चुकलं ते एवढंच, की "ताकदीची सुई" या दोन शब्दांत औषधाचं खरं नाव बुडून गेलं.

दुसऱ्या आजी सत्तरीच्या, दारव्ह्याकडच्या. पाठीला पोक आलेलं, मणका दबलेला, मनगट एकदा मोडून जुळलेलं. हाडं ठिसूळ झाली होती. त्यांना वर्षातून एकदा घ्यायची सुई सुचवली. घरी गेल्यावर नातवाने मोबाईलवर औषधाचं नाव टाकलं. पहिलंच काय आलं असेल, तर उघड्या पडलेल्या जबड्याचा फोटो. घरात एकच गलका झाला, "जबडा सडते म्हणे!" आजींनी सुई घेतली नाही. पुढच्या पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या खाटेवर आहेत.

पहिल्या बाईंना कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या आजींनाही कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांना ते मोबाईलने सांगितलं, आणि मोबाईलला आजींचं मोडकं मनगट काही ठाऊक नव्हतं.

औषध करतं काय?

आपल्याकडे मातीच्या भिंतीची घरं अजून आहेत. दिवाळीच्या आधी भिंत लिंपताना नुसतं वरून थापत नाहीत. आधी जुने पोपडे खरवडून काढतात, मग नवं लिंपण बसतं. आपलं हाड जन्मभर हेच करत असतं. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही पेशी नवं भरतात. पाळी गेल्यानंतर बायांमध्ये खरवडणाऱ्या पेशी जोरात येतात आणि भरणाऱ्या मागे पडतात. भिंत पातळ होत जाते. यालाच हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. कॅन्सर हाडात उतरतो तेव्हाही हाड असंच पोखरलं जातं.

ही औषधं खरवडणाऱ्या पेशींना आवरतात. त्यांचे दोन मुख्य गट आहेत. पहिल्या गटातल्या औषधांचं नाव 'ड्रोनेट' किंवा 'ड्रॉनिक'ने संपतं. अलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, आयबॅन्ड्रोनेटची महिन्यातून एकदा, आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सलाईनमधून. दुसरं औषध डेनोसुमॅब, ते कातडीखाली टोचतात. कंपनीप्रमाणे वरचं नाव बदलतं, पण पाकिटावर बारीक अक्षरांत मूळ नाव असतंच.

मग जबडाच का? शरीरातली बाकीची हाडं कातडी, मांस, चरबी यांच्या आत सुरक्षित असतात. जबड्यावर मात्र हिरडीचा पातळसा पापुद्रा असतो, आणि तो पापुद्रा फोडून दात बाहेर आलेले असतात. तोंडात जंतूंची कमी नाही. दिवसभर चावताना जबड्यावर जोर येतो, म्हणून तिथे खरवडणं-भरणंही जास्त चालतं. दात काढला की हाडात खड्डा पडतो. तो भरायचा तर आधी खडबडीत कडा खरवडून साफ व्हायला हव्यात, आणि खरवडणाऱ्या पेशी तर औषधाने झोपवलेल्या. त्यात आधीपासून पू असेल, हिरड्या सुजलेल्या असतील, तर जंतूंना मोकळं रान मिळतं.

हे अगदीच नवं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात आगपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या मजुरांचे जबडे असेच मरत. व्हिएन्नाच्या लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी १८४५ साली त्याचं वर्णन केलं. लंडनमधल्या एका नावाजलेल्या आगपेटी कंपनीला असे रुग्ण सरकारपासून दडवल्याबद्दल १८९८ साली दंड झाला होता. पुढे १९०६ साली बर्न इथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतातही १९१३ साली कायदा करून त्या आगपेट्या बंद केल्या. नंतर जवळजवळ शंभर वर्षं हा आजार पुस्तकापुरता उरला. २००३ साली अमेरिकेत मायामीच्या रॉबर्ट मार्क्स या जबड्याच्या सर्जननी ३६ पेशंटची नोंद छापली, आणि हाडांच्या औषधांशी असलेला संबंध जगापुढे आला. कारखान्याचं विष आणि आजचं औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घाबरू नका. पण तेव्हा रोग दडवला जात होता आणि आज तो सांगायचा राहून जातो, एवढं साम्य आमच्या मनाला लागतं.

भीती किती आणि फायदा किती?

आता आकडे. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण औषध एकच असलं तरी डोस दोन आहेत.

ठिसूळ हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम देतात. कॅन्सर हाडात असेल तर दर वेळी ४ मिलिग्रॅम, आणि पुष्कळांना ते दर महिन्याला. म्हणजे वर्षाचा हिशोब एकीकडे ५ आणि दुसरीकडे ४८. डेनोसुमॅबचंही तसंच. ठिसूळ हाडांसाठी सहा महिन्यांतून ६० मिलिग्रॅम, कॅन्सरमध्ये महिन्याला १२०. धोकाही त्याच मापाने बदलतो. ठिसूळ हाडांसाठी 'ड्रोनेट' गटातली औषधं घेणाऱ्या १० हजार माणसांमध्ये जबड्याचा हा त्रास साधारण २ ते ५ जणांना होतो. डेनोसुमॅबमध्ये काही अभ्यासांत हा आकडा १० हजारांत ३० पर्यंत गेला आहे. कॅन्सरच्या डोसमध्ये धोका बराच जास्त, तरी तो शंभरात पाचाच्या खालीच धरला जातो.

आता दुसरं पारडं बघा. २००७ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. ठिसूळ हाडांच्या ७ हजार ७०० हून जास्त बाया, निम्म्यांना वर्षातून एकदा ही सुई, निम्म्यांना नुसतं सलाईन, तीन वर्षं. सुई न घेतलेल्या शंभरांमागे सुमारे ११ जणींचा मणका दबला, सुई घेतलेल्यांत ३ जणींचा. हजारांमागे खुबा मोडला तो २५ विरुद्ध १४. आणि जबड्याचा त्रास? दोन्ही बाजूंना एक-एक.

आमच्या दारव्ह्याच्या आजींना कोणी हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून सांगितले असते, तर त्यांनी काय ठरवलं असतं? ठरवायचा हक्क त्यांचाच होता. पण त्यांच्यापुढे एकच पारडं आलं, तेही फोटोसकट.

निरोप कुठे हरवतो?

पहिली जागा म्हणजे आम्हा डॉक्टरांची भाषा. ओपीडीत शंभर माणसं बसलेली असताना "हाडांची झीज थांबवणारं औषध" समजावत बसायला वेळ नसतो. मग तोंडातून निघतं, "ताकदीची सुई आहे, घेऊन टाका." पेशंटच्या डोक्यात ते कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स आणि टॉनिकच्या रांगेत जाऊन बसतं. ताकदीची सुई घेतल्याचं दातांच्या डॉक्टरला सांगावं, असं कोणाला वाटेल?

दुसरी जागा म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा प्रश्न. "काही औषध चालू आहे का?" वर्षातून एकदा सुई घेणाऱ्या माणसाचं प्रामाणिक उत्तर "नाही" असंच येणार. त्याच्या लेखी औषध म्हणजे जे रोज सकाळी गिळायचं ते. शिवाय 'ड्रोनेट' गटातलं औषध हाडात वर्षानुवर्षं टिकून राहतं. तीन वर्षांपूर्वी बंद केलेली गोळीसुद्धा आजच्या दाताच्या कामाला महत्त्वाची असते. म्हणून प्रश्न असा हवा: "गेल्या काही वर्षांत हाडांसाठी कधी सुई, सलाईन किंवा आठवड्याची गोळी घेतली होती का? कॅन्सरसाठी कधी सलाईन लागलं होतं का?"

तिसरी जागा म्हणजे अंतर. आपला जिल्हा लांबलचक. वणीचा माणूस चंद्रपूरला नाहीतर नागपूरला जातो, उमरखेड-पुसदचा नांदेडला, इकडचे सावंगी-सेवाग्रामला. मोठं औषध मोठ्या गावी मिळतं आणि दात मात्र घराजवळ दुखतो. दोन डॉक्टर एकमेकांना ओळखत नाहीत, दोघांचे कागद वेगळे. या दोघांच्या मध्ये ये-जा करणारा माणूस एकच, तो म्हणजे पेशंट. निरोप पोचवायचा तर तोच पोचवणार. आणि आपण त्याच्या हातात निरोपच देत नाही.

चौथी जागा बोलीची. झरी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलाम आजीला, किंवा दिग्रसच्या तांड्यावरच्या आजीला आमची पुस्तकी मराठी अर्धीच कळते. त्या मान हलवतात. ती मान "समजलं" म्हणून हलत नसते, "सायब रागावू नये" म्हणून हलत असते. सोबत कोण आलंय ते बघून, सुनेला किंवा आशाताईंना मध्ये घेऊन बोलावं लागतं.

पाचवी जागा आम्ही डॉक्टर सहसा उघड बोलत नाही ती. आम्हाला भीती वाटते. जबड्याचं सांगितलं तर पेशंट सुईच घेणार नाही, ही भीती. कायद्यातही याला थोडी जागा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पेशंटला सांगितलंच पाहिजे. पण अगदी दूरचे धोके सांगून त्याला घाबरवण्याची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. मग १० हजारांत दोघा-चौघांना होणारा त्रास कशाला सांगायचा?

आमचं उत्तर असं. काही धोके असे असतात की ते कळून पेशंटच्या हातात करण्यासारखं काही नसतं. या धोक्याचं तसं नाही. इथे सुईच्या आधी दात तपासून घेणं, रोज तोंड स्वच्छ ठेवणं, आणि दात काढण्याआधी "मी ही सुई घेतली आहे" असं एक वाक्य बोलणं, हे सगळं पेशंटच्याच हातात आहे. जे त्याने करायचं आहे ते त्याच्यापासून लपवून कसं चालेल?

सांगायचं कसं?

आम्ही आता असं सांगतो. सोपं आहे, दोन मिनिटं लागतात.

"मावशी, तुमची हाडं आतून पातळ झालीत. ही सुई ती झीज थांबवते. ती घेतली नाही तर मणका किंवा खुबा मोडायची भीती मोठी आहे. ही टॉनिकची सुई नाही. तिचं नाव मी या कागदावर लिहून देतो. हिचा एक त्रास आहे, फार थोड्यांना होतो: दात काढल्यावर जबड्याची जखम लवकर भरत नाही. म्हणून सुईच्या आधी एकदा दात दाखवून या. किडलेला, हलणारा दात असेल तर त्याचा निकाल आधीच लावू. आणि पुढे कधीही दाताच्या डॉक्टरकडे गेलात, तर बसल्या-बसल्या हा कागद दाखवायचा."

आधी फायदा, मग धोका, आणि धोक्याच्या पाठोपाठ लगेच काय करायचं ते. धोका सांगून तिथेच थांबलं तर माणूस घाबरतो. पुढचं काम हातात दिलं की त्याला धीर येतो.

मग शेवटचा प्रश्न. "समजलं का?" असं विचारायचंच नाही, त्याला उत्तर ठरलेलं असतं. विचारायचं, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" एक मावशी म्हणाल्या, "सांगीन का दात काढाचाच नाही." बघा! आमचा निरोप उलटा पोचला होता. तिथल्या तिथे दुरुस्त करता आला.

आणि तो कागद. त्यावर पाच गोष्टी हव्यात: औषधाचं मूळ नाव, डोस, कशासाठी दिलं, शेवटचं कधी दिलं, आणि कोणत्या डॉक्टरने दिलं, त्यांच्या फोन नंबरसकट. फाईल घरी राहते, म्हणून घरातल्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये त्या कागदाचा फोटो असू द्या.

कॅन्सरच्या पेशंटला सुईच्या आधी दात काढावा लागला, तर जखम भरायला साधारण दोन-तीन आठवडे देतात. मात्र सुई तातडीची असेल तर किती थांबायचं ते कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. ठिसूळ हाडांसाठी एवढी घाई नसते, पण दातांच्या नावाखाली सुई वर्षभर लांबवणंही बरोबर नाही.

खर्ऱ्याचं काय?

आपल्या भागात तोंडाबद्दल बोलायचं आणि खर्रा वगळायचा, असं होऊच शकत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुन्याने हिरड्या खराब होतात, जखमा उशिरा भरतात. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्या कित्येकांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. ब्रश आत जात नाही आणि आम्हाला आतला दात दिसत नाही. अशा तोंडात किडके दात पडून राहतात आणि नेमके तेच पुढे घात करतात.

दुसरं असं, की तोंडात उघडं हाड दिसलं म्हणजे ते या औषधानेच, असं धरून चालू नका. तोंडाचा कॅन्सर असू शकतो. मानेला रेडिएशन दिलेलं असेल तर त्यानेही हाड मरतं. २०२१ साली कोरोनानंतर काळ्या बुरशीने कित्येकांचे जबडे गेले, ते तुमच्या लक्षात असेल. म्हणून व्याख्या ठरलेली आहे: औषध घेतलेलं आहे किंवा चालू आहे, जबड्याला रेडिएशन नाही, आणि आठ आठवडे होऊनही हाड उघडं आहे. पण आठ आठवडे घरी वाट बघत बसा, असा त्याचा अर्थ नाही. दात काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत खळगा भरत नसेल, पू किंवा वास येत असेल, दात अचानक हलायला लागले, खालचा ओठ बधिर वाटला, तर लगेच दाखवा. लवकर कळलं तर गुळण्या, अँटिबायोटिक आणि स्वच्छता यांवर पुष्कळदा निभावतं. वेळ पडलीच तर मेलेलं हाड ऑपरेशनने काढता येतं, आणि त्यानंतर बरेच जण बरे होतात. घाटंजीच्या बाई आता मऊ भाकर कुस्करून का होईना, पण सगळ्यांसोबत बसून जेवतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*सुई चालू आहे आणि दाढ दुखते. मग काढायचीच नाही का?*

दुखणं अंगावर काढू नका. पू साठलेला दात तसाच ठेवणं हासुद्धा जबड्याला धोकाच आहे. दात साफ करणं आणि सिमेंट भरणं यांना काहीच अडचण नाही. रूट कॅनालने दात वाचत असेल तर कॅन्सरचा डोस घेणाऱ्यांनी तोच मार्ग आधी बघावा. काढायचाच असेल तर काळजी घेऊन काढता येतो. ठिसूळ हाडांची गोळी घेणाऱ्या बहुतेकांची जखम व्यवस्थित भरते.

*मग महिनाभर सुई बंद ठेवून दात काढला तर?*

स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. 'ड्रोनेट' गटातलं औषध हाडात मुरलेलं असतं, महिनाभर थांबून फारसा फरक पडत नाही. डेनोसुमॅबचं उलट आहे. त्याचा असर सहा महिन्यांत उतरतो, आणि दुसरं औषध सुरू न करता ते सोडलं तर दबलेली झीज उसळी मारते. काहींचे एकापाठोपाठ एक मणके दबले आहेत. दात कधी काढायचा आणि पुढची सुई कधी द्यायची, हे दोन डॉक्टरांनी बोलून ठरवायचं.

*आईला कवळी आहे. दातच नाहीत, मग तिला काय भीती?*

कवळी घासून हिरडीला जखम झाली तर तिथूनही हाड उघडं पडू शकतं. सैल झालेली, टोचणारी कवळी दुरुस्त करून घ्या. रात्री काढून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा बोट फिरवून हिरडी बघा.

*आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराईड आहे. हाडं तर आधीच कडक झालीत. ही सुई चालते का?*

चांगला प्रश्न. पांढरकवडा, झरी भागातल्या मंडळींनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. फ्लोराईडने एक्स-रेमध्ये हाड दाट दिसतं, पण दाट म्हणजे मजबूत असं नाही. सुईच्या आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि किडनीचं काम तपासतात. किडनी फार कमजोर असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देत नाहीत. तुमचं पाणी कुठलं, हे डॉक्टरांना कागदावरून कळत नाही, ते तुम्हीच सांगायला हवं.

*मी दातांचा डॉक्टर आहे. पेशंटला इतकं विचारत बसलो, धोका सांगितला, तर तो उठून शेजारच्या दवाखान्यात जातो. मग?*

जातो, खरं आहे. आमच्याकडूनही गेलेत. त्यावर आम्हाला एकच उपाय दिसतो: शेजारच्या दवाखान्यातही हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे. पेशंटला नुसतं घाबरवून परत पाठवू नका. "सुईवाल्याचे दात आम्ही काढत नाही" असं म्हणणारेही आहेत, आणि त्याने माणूस पू घेऊन गावोगाव फिरतो. जमत असेल तर काळजी घेऊन करा. जमत नसेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा सावंगीच्या दंत महाविद्यालयात चिठ्ठी लिहून पाठवा. आणि ज्यांनी सुई दिली त्या डॉक्टरांना एक फोन करा.

जाता जाता

आम्ही दोघांनी आमच्यापुरतं एक ठरवलं आहे. हाडांच्या दवाखान्यातून सुईचा पेशंट निघताना त्याच्या हातात कागद असतो, आणि दातांच्या दवाखान्यात केसपेपरवर बीपी-शुगरच्या खाली तिसरा प्रश्न छापून घेतला आहे: हाडांची सुई किंवा गोळी? यात फार मोठं काही नाही, छपाईचा खर्चही किरकोळ. पण त्या एका ओळीमुळे आम्ही आता एकमेकांना फोन करायला लागलो आहोत.

तुम्हालाही एक काम देतो. आज घरी गेल्यावर आईची, सासूबाईंची, आजीची फाईल काढा. "ताकदीची सुई" म्हणून जे काही दिलं असेल त्याचं मूळ नाव शोधा आणि फोटो काढून ठेवा. नाव 'ड्रोनेट', 'ड्रॉनिक' किंवा डेनोसुमॅब निघालं तर औषध बंद करू नका. उद्या त्यांना एकदा दात दाखवायला घेऊन जा, आणि खुर्चीत बसल्या-बसल्या तो फोटो दाखवा.